खोली आहे, असं मीच सांगितलं

"तुम जिंदा हो, अंगूठा मर गया," डॉक्टर म्हणाले. "निकालना पड़ेगा."

मी म्हटलं, दुखत तर नाही. ते म्हणाले, तेच वाईट आहे.

बहरीनच्या सरकारी हॉस्पिटलात, कॅज्युअल्टीच्या बाकावर बसून मी हे ऐकलं. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. माझी चाळिशी नुकतीच उलटली होती. मी शटरिंगचा सुतार, म्हणजे स्लॅब ओतायच्या आधी फळ्यांचा साचा उभा करणारा. गाव संगमेश्वर तालुक्यात, शिक्षण चौथी. आता ऐंशीच्या पुढं गेलोय. हात कापतो, पण लिहितो मीच. दुसऱ्याला सांगून लिहून घेतलं की तो त्यात त्याचं शहाणपण घालतो.

आधी आजार सांगतो, कारण तो आता घरोघरी आहे. मला ‘डायबेटिस’ होता, म्हणजे रक्तात साखर. किती वर्षं होता देव जाणे. तहान लागायची, ती मी तिथल्या उन्हावर ढकलायचो. या साखरेनं पायाच्या नसा बधिर होतात, त्याला डॉक्टर ‘न्यूरोपॅथी’ म्हणतात. साइटवर माझ्या बुटातून खिळा आत गेला आणि मी दिवसभर तसाच चाललो. संध्याकाळी कॅम्पात बूट काढला तर मोजा रक्तानं चिकटलेला. माणसं बघायला जमली. मी म्हटलं, कोकणातला पाय आहे, खिळ्यानं काय होतंय त्याला. पंधरा दिवसांत अंगठा जांभळा झाला, मग काळा. ते ‘गँगरीन’. रक्त पोचत नाही आणि मांस सडत जातं.

तुमच्यापैकी कुणाला पायाला लागलेलं कळत नसेल तर फुशारकी मारू नका, रोज पाय उलटा करून बघा. माझी पहिली चूक ती. पण मी हे लिहायला बसलोय ते त्या चुकीसाठी नाही.

अंगठा गेला, आठवड्यानं शेजारचं बोट गेलं. मग रोज ‘डिब्राइडमेंट’. मेलेलं मांस खरवडून काढतात, खालचं लाल दिसेपर्यंत. सकाळ-संध्याकाळ ‘इन्सुलिन’ची सुई. हे औषध साखर खाली आणतं, आणि ते थंड जागी ठेवावं लागतं, नाहीतर वाया जातं. डॉक्टरांनी बजावलं, "दो महीना लगेगा. पानी नहीं, मिट्टी नहीं, चलना नहीं."

पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड होता. समोरच्या खाटेवर एक पठाण, ट्रकचा दरवाजा मांडीवर आदळून मांडी मोडलेला. आणि माझ्या शेजारी ज्ञानू.

ज्ञानू माण तालुक्यातला. तीस-बत्तीसचा असेल. पाण्याचा टँकर चालवायचा. त्याचं अपेंडिक्स आत फुटलं होतं. अपेंडिक्स म्हणजे आतड्याला लोंबणारी एक बारीक शेपटी. ती फुटली की पोटात पू होतो. ऑपरेशन झालं होतं, पण पू काढायला ठेवलेल्या नळीचं भोक अजून भरलं नव्हतं. चालताना उजवा पंजा पोटावर दाबून धरायचा. तो हॉस्पिटलात होता तेवढ्यात टँकरच्या मालकानं त्याच्या जागी दुसरा ड्रायव्हर ठेवला, आणि टँकरबरोबर ज्ञानूची खाटही त्याच्याकडं गेली.

मराठी बोलायला मिळालं म्हणून तो दिवसभर बोलायचा. मला चिडवायचा. "गणूदा, तुमच्या कोकनात येका खोलीत वीस मानसं. आमी माणदेशी, येकेक जन येकेका माळावर."

मी म्हणायचो, "म्हणून तर तुम्हाला कुणी विचारत नाही."

त्या खोलीचं सांगितलं पाहिजे. कोकणातला माणूस परगावी गेला की आधी गावची खोली करतो. मनामा शहरात, सूकच्या म्हणजे बाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आमच्या पाच वाड्यांची मिळून एक खोली होती. कुणाची नोकरी सुटली, कुणी दुखणं काढून आला, तर त्यानं तिथं चटई टाकायची. किती दिवस राहणार, हे विचारायचं नाही. मात्र माणूस वाड्यांबाहेरचा असेल तर शुक्रवारी सगळे जमायचे आणि सगळे हो म्हणाले तरच त्याला जागा. खाली शिवणाचं दुकान असलेला अनंता शिंपी या खोलीचा कारभार बघायचा. मी कंपनीच्या कॅम्पात राहत होतो, पण सुट्टीचा शुक्रवार माझा तिथंच जायचा. आमचा माणूस कधी रस्त्यावर पडला नाही, याचा आम्हाला फार ताठा होता. मला सगळ्यात जास्त.

हॉस्पिटलात मरियमबाई होत्या. तिथल्याच, बहरीनच्या. काळ्या अबायात, हातात फॉर्मची फळी. त्यांचं काम ‘मेडिकल सोशल वर्कर’चं. म्हणजे डॉक्टर पेशंटला घरी सोडायचा म्हणाले की या येऊन विचारायच्या, कुठं जाणार, तिथं कोण आहे, ड्रेसिंगला कोण नेणार. जायला जागा नसेल तर त्या ‘रेफरल’ लिहायच्या. रेफरल म्हणजे एका ऑफिसनं दुसऱ्याला लिहिलेली चिठ्ठी, की हा माणूस उघड्यावर पडेल, याचं तुम्ही बघा. चिठ्ठी लेबरच्या ऑफिसात जायची, तिथून मालकाला बोलावणं जायचं. उत्तर येईपर्यंत पेशंटची खाट हलवत नसत. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटायचं, ही बाई भिकाऱ्यांची यादी करत फिरते.

एका बुधवारी सकाळी डॉक्टरांनी ज्ञानूच्या कागदावर डिस्चार्ज लिहिला. रोज ड्रेसिंगला यायचं आणि दोन आठवडे पडून राहायचं, असं सांगितलं.

डॉक्टर पुढं गेल्यावर ज्ञानू हळूच म्हणाला, "गणूदा, तुमच्या खोलीत पंधरा दिस जमंल का ओ?"

मी म्हटलं, "बघू की. अनंताला निरोप धाडतो."

निरोप धाडायचा कसा, हे मला ठाऊक नव्हतं. अनंता मला भेटायला शुक्रवारीच यायचा.

थोड्या वेळानं मरियमबाई आल्या. बाईमाणसासमोर ज्ञानूची हिंदी आटायची. मला साइटवरची अरबी येत होती आणि ती येते हे मला लोकांना दाखवायलाही आवडायचं. मी म्हटलं, मी सांगतो.

त्यांनी विचारलं, "इसका रूम फी?" फी म्हणजे आहे, मफी म्हणजे नाही. एवढ्या दोन शब्दांवर तिथं आमचं सगळं चालायचं.

ज्ञानू मला म्हणाला, "सांगा त्यास्नी, खाट गेली म्हनून."

समोरून पठाण बघत होता. आदल्याच दिवशी भेटायच्या वेळेत तो मला म्हणाला होता, "तुमारा आदमी को मिलने कोई आता नहीं?" ते माझ्या डोक्यात होतं. मराठी माणूस परक्या बाईपुढं जागा मागतोय आणि पठाण ते बघतोय, हे मला सोसवेना.

मी म्हटलं, "फी. मनामा में हमारा गाँव का रूम फी."

"कौन देखेगा?"

"सब भाई लोग है."

त्यांनी पत्ता विचारला, मी सांगितला. त्यांनी लिहून घेतला, फॉर्मवर एक खूण केली आणि पुढच्या खाटेकडं गेल्या.

"काय म्हनल्या?" ज्ञानूनं विचारलं.

"सगळं झालं. तुला चिठ्ठी देतो."

मी कागदाच्या तुकड्यावर लिहिलं, ‘अनंता, हा ज्ञानू. आपलाच समज. जखम भरेपर्यंत जागा दे. गणपत.’ ज्ञानूनं ती दोनदा वाचली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. जेवण झाल्यावर तो निघाला. दाराशी वळून त्यानं डावा हात वर केला. उजवा पोटावर होता.

त्या दुपारी मी समाधानानं झोपलो. एका माणसाची सोय लावली, असं मला वाटत होतं.

शुक्रवार आला. अनंता आला नाही. मी समजलो, न विचारता बाहेरचा माणूस धाडला म्हणून रागावला असेल. ते दिवस थंडीचे. उत्तरेचा वारा सुटला होता आणि दोन दिवस पाऊस झाला. तिथं पाऊस वर्षातून थोडाच, पण थंडीतला तो हाडांत शिरतो. वॉर्डात मात्र खिडक्या बंद होत्या आणि मला गरम सूप मिळत होतं.

मंगळवारी सकाळी मरियमबाई माझ्या खाटेशी आल्या. हातात फळी नव्हती.

"गनपत, वो रूम किधर है?"

मी पत्ता पुन्हा सांगितला.

"वो आदमी कल कॅज्युअल्टी में आया. आज सुबह मर गया."

डॉक्टर नंतर आले, त्यांनी शब्द सांगितला, ‘सेप्टिसिमिया’. जखमेतलं विष रक्तात उतरतं आणि सगळ्या अंगात पसरतं. तो समुद्राच्या बाजूला एका अर्ध्या बांधलेल्या इमारतीत सापडला होता. दारं-खिडक्या बसायच्या होत्या. तिथल्या राखणदाराला तो सिमेंटच्या रिकाम्या गोणींवर दिसला. अंगात ताप, ड्रेसिंग तेच, बुधवारचं. अशा इमारतींचे साचे मीच बांधत होतो. तिथं वारा कसा घुमतो, हे मला कुणी सांगायला नको.

मरियमबाईंनी माझ्या ब्लँकेटवर एक कागद ठेवला. "ये तुमने लिखा?"

माझं अक्षर होतं. पावसानं शाई पसरली होती, पण ‘आपलाच समज’ एवढं वाचता येत होतं.

मी काहीतरी बोलायला गेलो. त्या म्हणाल्या, "तुमने बोला फी, मैंने लिखा फी. मैं भी देखने नहीं गई."

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. अर्धा दोष त्यांनी आपल्याकडं ओढून घेतला, आणि त्यानं उरलेला अर्धा मला जास्तच जड झाला.

गुरुवारी अनंता आला. तो स्टुलावर बसला आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला.

"तुझा माणूस आला होता," तो म्हणाला. "बुधवारी, मी दुकान बंद करून वर गेलो तेव्हा. मी चिठ्ठी वाचली. चहा दिला. म्हटलं, शुक्रवारी सगळे असतात, तेव्हा या, बोलू. त्यानं कप विसळून ठेवला आणि गेला. म्हणाला, दोन दिवस काकांकडं काढतो."

"त्याचा इथं काका नाही."

"ते मला कसं ठाऊक असणार, गणू? तू चिठ्ठीत लिहायचं होतंस." त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली. "शुक्रवारी आम्ही वाट बघितली त्याची. आम्ही हो म्हणणार होतो."

हे शेवटचं वाक्य मी आजवर विसरू शकलो नाही. आम्ही हो म्हणणार होतो.

अनंतानं बाकीचंही सांगितलं. पोलीस चौकशीला खोलीवर आले. खोलीतल्या दोघांचे व्हिसा संपलेले होते, ते पोलिसांच्या आधीच कुठंतरी गेले. घरमालक खोली रिकामी करा म्हणत होता. "तू आता तिकडं येऊ नको. निदान सध्या तरी. सगळ्यांचा तुझ्यावर राग आहे." आणि उठता उठता म्हणाला, "तुमचा कॅम्प मोडला. साइट संपली. फोरमन तुझी पेटी माझ्या दुकानात टाकून गेला."

म्हणजे एका भेटीत माझी दोन्ही ठिकाणं गेली.

पुढचे दिवस कसे गेले ते नीट सांगता येत नाही. ज्ञानूच्या खाटेवर दुसरा माणूस आला, जाडा, घोरणारा. तरी दुपारी दोन ते चार वॉर्ड शांत झाला की मला तिथून चपला घासत चालल्याचा आवाज यायचा. डोळे उघडले की जाडा माणूस. मिटले की पोटावरचा पंजा. मी दिवस लावत बसायचो. मी गुरुवारी दाढी केली, तेव्हा तो कुठं असेल? शनिवारी पाऊस आला, तेव्हा तो कुठल्या मजल्यावर होता? वरचा स्लॅब गळत असेल, खालच्या मजल्यावर वारा. मी असतो तर जिन्याखालचा कोपरा धरला असता. त्याला तो कोपरा सापडला का? टँकरवाल्याला काय ठाऊक इमारतीचं.

माझी जखम भरत होती, माझ्या मनाविरुद्ध म्हणा हवं तर. एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "शनिवार को छुट्टी. घर किधर है?"

"मनामा."

"फ्रिज है? इन्सुलिन के लिए?"

"है."

ते माझ्याकडं बघत राहिले. "गनपत, सड़क पे गया तो पहले पाँव जाएगा, फिर तुम."

"रूम है, डॉक्टरसाब."

का खोटं बोललो, हे विचाराल. ज्ञानूसाठी मी खोटं ‘फी’ म्हटलं. मग स्वतःसाठी कुठल्या तोंडानं ‘मफी’ म्हणू? त्याची वाट माझी वाट, असं मी ठरवून टाकलं होतं. ती अर्धवट इमारतही डोळ्यापुढं होती. आणि खरं सांगायचं तर जुना ताठाही होताच. तो दुःखानं कमी झाला नव्हता, त्यानं नुसतं रूप बदललं होतं.

केरळची सिस्टर ड्रेसिंग करता करता म्हणाली, "गणपत झूठ बोलता. पेटी किधर? कपड़ा किधर? घर जानेवाला आदमी ऐसा चुप नहीं बैठता."

मी म्हटलं, "तू पट्टी बांध."

मरियमबाई आल्या. या वेळी त्या उभ्या राहिल्या नाहीत. स्टूल ओढून माझ्या उशाशी बसल्या आणि फळी मांडीवर पालथी ठेवली.

"रूम फी?"

"फी."

"दरवाजा कौन खोलेगा? उसका नाम बोलो."

हा प्रश्न त्या आधी विचारत नसत. मी अनंताचं नाव सांगितलं.

"उसको इधर लाओ. मेरे सामने बोलेगा, हाँ, मैं खोलूँगा. फिर लिखूँगी."

ती बाई गप्प बसण्यात माझ्यापेक्षा हट्टी निघाली. सगळा वॉर्ड ऐकतोय असं मला वाटत होतं.

मग समोरून पठाण बोलला. छताकडं बघत, पाय वर टांगलेला. "बोल दे, दोस्त. मेरा भी नहीं है. मैंने परसों बोल दिया."

मी त्याच्याकडं बघितलं. इतक्या आठवड्यांत त्यालाही भेटायला कुणी आलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. ज्या माणसाच्या नजरेला भिऊन मी एकाला मारलं, त्याच्याकडंसुद्धा जायला जागा नव्हती.

मी म्हटलं, "मफी."

काही झालं नाही. कुणी हसलं नाही, कुणी वळून बघितलं नाही. मरियमबाईंनी फळी सुलट केली आणि लिहायला लागल्या. मी मात्र रडलो, बोटं गेली तेव्हा रडलो नव्हतो. सिस्टरनं पडदा ओढून घेतला.

पुढचं सांगतो ते नीट वाचा, कारण उपयोगाचं आहे. माझ्या खाटेच्या पायथ्याशी कार्डावर ‘सोशल’ असं लिहिलं गेलं. त्याचा अर्थ, हा पेशंट बरा होतोय, पण याला जागा मिळेपर्यंत हलवू नये. मला आधी त्याची लाज वाटली. मग कळलं की त्या एका शब्दानं माझी खाट धरून ठेवली होती. रेफरल लेबरच्या ऑफिसात गेलं. तिथून माझ्या कफीलला, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा होता त्या मालकाला, बोलावणं गेलं. तो पहिल्यांदा आला नाही. मरियमबाईंनी दुसरी चिठ्ठी लिहिली. दुसऱ्यांदा त्याचा कारकून आला आणि म्हणाला, सनाबिसला आमचं जुनं गोदाम आहे, तिथं एक खाट लावतो.

आणि त्यांनी चिठ्ठी एकटी पाठवली नाही. ज्ञानू गेल्यापासून त्यांनी ही नवी रीत धरली होती. हॉस्पिटलचा शिपाई माझ्याबरोबर गाडीत आला, अनंताच्या दुकानातून आणलेली माझी पेटी घेऊन. गोदामाच्या राखणदारानं दार उघडलं, तेव्हा त्याची सही घेतली, मगच मला आत नेलं. तीन दिवसांनी बाई स्वतः आल्या. माझी खाट बघितली, राखणदाराचा फ्रिज उघडला, इन्सुलिनच्या बाटलीला हात लावून ती थंड आहे का बघितलं. चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाल्या, अजून दोन ठिकाणी जायचं आहे.

पाच-सहा आठवड्यांनी जखम मिटली. वर चढून काम जमण्यासारखं नव्हतं, तर त्याच गोदामात मला स्टोअरचं काम मिळालं. पुढची पाच-सहा वर्षं मी तिथं काढली. साखर आजही आहे, सुई आजही घेतो, पाय दोन्ही आहेत.

अनंताचा राग दोनेक वर्षांनी गेला. आम्ही ज्ञानूबद्दल कधी बोललो नाही.

तिथं असेपर्यंत मी शुक्रवारी हॉस्पिटलात जात राहिलो. मराठी पेशंट असला की मरियमबाई मला निरोप द्यायच्या. मी प्रश्न विचारायचो आणि गप्प बसायचो. माणूस माझ्याकडं बघायचा, तुम्हीच सांगा म्हणायचा. मी म्हणायचो, तू बोल, मी फक्त तुझे शब्द पुढं करीन. कधी कधी फार वेळ लागायचा. आपल्या माणसाला ‘मला जागा नाही’ हे तोंडातून काढायला ऑपरेशनपेक्षा जास्त त्रास होतो.

म्हणून तुम्हाला सांगतो. आजारी पडलात, परगावी असाल, आणि कुणी विचारलं कुठं जाणार, तर खरं सांगा. विचारणारा भिकाऱ्यांची यादी करत नसतो. आणि दुसऱ्याच्या वतीनं कधी हो म्हणू नका. चिठ्ठी लिहून दिलीत तर मागोमाग जा, जाता येत नसेल तर कुणाला तरी धाडा. चिठ्ठी दिली म्हणजे माणूस पोचला असं होत नाही. मरियमबाईंमुळे माझा पाय राहिला. त्या आता आहेत की नाहीत ठाऊक नाही. त्यांचं ऋण मी इथं लिहून ठेवतो, त्याहून जास्त माझ्याच्यानं होण्यासारखं नाही.

एक राहिलं.

कायमचा परत आलो, त्यानंतर पहिलं काम मी ज्ञानूच्या गावाला जायचं केलं. दहिवडीच्या पुढं, एस्टीनं. मनात मी सांगायचं तयार केलं होतं, की तो चांगल्या जागी होता, माणसांत होता, अचानक ताप आला. इतक्या वर्षांनी त्याच्या बिचाऱ्या बायकोला दुसरं काय सांगायचं.

त्याची बायको ओसरीवर शेंगा फोडत होती. मी नाव सांगितलं तर ती उठून उभी राहिली, पदर सारखा केला आणि वाकून माझ्या पाया पडली.

"तुमीच का गणूदा," ती म्हणाली. "लई उपकार झालं तुमचं. शेवटाला तुमच्या खोलीत हुतं ते."

आत जाऊन तिनं पत्र आणलं. निळं, घडीवर फाटलेलं. ज्ञानूनं ते हॉस्पिटलातून निघाल्यावर लिहिलेलं होतं. गणूदाच्या खोलीत राहतोय. भिंतींना हिरवा रंग आहे. खिडकीतून मशिदीचा मनोरा दिसतो. माणसं मायेची आहेत. काळजी करू नको.

खोलीला हिरवाच रंग होता. मनोराही दिसायचा.

मी पत्र हातात धरून बसलो. तयार केलेलं सगळं तोंडात होतं. मग मी ते गिळलं आणि तिला सगळं सांगितलं. बुधवार, मरियमबाई, फी, चिठ्ठी, शुक्रवार, इमारत. तो त्या खोलीत एक रात्रही राहिला नाही, हेही. ती पुन्हा शेंगा फोडायला बसली होती. मधेच हात थांबायचा, मग पुन्हा चालू.

माझं बोलून झालं. मग तिनं विचारलं, "च्या तरी दिला का त्यास्नी, त्या खोलीत?"

"दिला."

"म्हंजी बसलं असतील थोडं." तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी केली. "म्हनून त्यास्नी रंग ठावं."

मी चपला शोधायला लागलो.

ती म्हणाली, "येस्टी पाचला हाय. तवर कुटं जाताय उन्हाचं? बसा."

मी बसलो.